परक्याच्या वहीत आपले घर

पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर १७९७ साली लंडनचे पाद्री उतरले. तिथले देव, नाच, चालीरीती बंद पाडायच्या, हेच त्यांचे काम. पण त्यांच्यामागून गेलेल्या विल्यम एलिस या पाद्र्याने त्याच चालीरीती टिपून १८२९ साली ग्रंथ छापला. आज बेटावरच्या माणसाला आपल्या पणजोबांची रीत शोधायची तर असेच ग्रंथ चाळावे लागतात.

आपल्याकडेही असेच घडले. साताऱ्यात अमेरिकन मिशन १८४९ साली आले. मॅनवेअरिंग या पाद्र्यांनी मराठी म्हणी गोळा करून १८९९ साली पुस्तक काढले. त्यात शेतीच्या म्हणीही आहेत. समर्थ रामदास आणि रामदासी पंथावर मिशनरी डेमिंग यांनी १९२८ साली लिहिले.

त्यांचे उपकार मानावेत, पण वाचावे पारखून. बेंदराच्या आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतो. पाहुणा लिहील, 'हे लोक बैल पुजतात.' जुवाने सोललेला खांदा मऊ पडावा, ही माया त्याला कोण सांगणार?

तेव्हा सुगी आटोपली की पोरांच्या हाती वही द्या. जात्यावरच्या ओव्या, बाळंतिणीचा काढा, बियाणे राखेत ठेवायची रीत आजीला विचारा. कोणी सांगितले, कोणत्या गावचे आणि असे का करतात, तेही लिहा. आजीमागे तिचे शहाणपण शोधायला नातवंडांना परक्याच्या दारी जावे लागू नये.