गाडीतली रिकामी जागा

२०२५ च्या जून महिन्यात मी इंग्लंडमध्ये, रेडिंगला, मुलीच्या घरी होतो. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे दोन कागद आले. एक मुलीचा, एक जावयाचा. जुलैअखेरीस आठ दिवसांसाठी फ्रान्समध्ये डोंगरी सायकली चालवायला जायचे ठरले होते. कसे जायचे, एवढाच प्रश्न होता. मुलगी म्हणत होती विमानाने, जावई म्हणत होता गाडीने. दोघांनी आपापल्या बाजूचा हिशेब मांडला होता आणि दोघांच्याही हिशेबात आपलीच बाजू स्वस्त ठरत होती.

"बाबा, तुम्ही एवढी वर्षे बँकेत काढलीत. तुम्हीच सांगा कोणाचे बरोबर," मुलगी म्हणाली.

मुलगी आणि जावई यांच्यामधला लवाद होणे हे कुठल्याही कर्जप्रकरणापेक्षा अवघड काम. पण मी चष्मा काढला, पुसला आणि कागद वाचायला घेतले. निम्मे आयुष्य ज्याने दुसऱ्यांची प्रोजेक्ट रिपोर्टे तपासण्यात घालवले, त्याला दोन कागद समोर आल्यावर राहवत नाही.

आधी ही सहल काय असते ते सांगायला हवे. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर, आल्प्सच्या कुशीत पोर्त द्यू सोलेय नावाचा डोंगराळ टापू आहे. दोन्ही देशांतली मिळून बारा गावे त्यात येतात. मोर्झिन आणि ले झे ही त्यातली इंग्रजांची लाडकी गावे. हिवाळ्यात तिथे बर्फावरून घसरायला लोक जातात. उन्हाळ्यात तेच रोपवे सायकली वाहून नेतात. माणूस पाळण्यात बसतो, सायकल आकड्याला अडकवतो, वर जातो आणि रानातल्या आखलेल्या वाटांनी, मुळ्यांवरून आणि दगडांवरून, खाली सुटतो. डोंगरी सायकलींची जागतिक स्पर्धा ले झेमध्ये २००४ साली आणि पुन्हा २०२२ साली झाली. आपल्याकडे पोराच्या हातात बॅट आली की त्याला जसे वानखेडे दिसू लागते, तसे माझ्या तेरा वर्षांच्या नातवाला मोर्झिन दिसत होते.

आता मुलीचा कागद. लंडनहून जिनिव्हा विमानाने जेमतेम दीड तास. तिथून मोर्झिन सुमारे ऐंशी किलोमीटर, सामायिक गाडीने सव्वा-दीड तास. सकाळी चहा घरी, दुपारचे जेवण डोंगरात. तिकीट स्वस्तातले धरले होते. पण खरी गंमत सायकलीची. विमानात सायकल न्यायची म्हणजे पेडल काढायचे, हँडल फिरवायचे, पुढचे चाक सोडवायचे, सगळे एका मोठ्या खोक्यात बसवायचे आणि त्याचे वेगळे भाडे भरायचे. स्वस्तातल्या तिकिटावर हे भाडे कधी कधी तिकिटालाही मागे टाकते. नाकापेक्षा मोती जड, तो असा.

शिवाय मुलीची स्वतःची सायकल बॅटरीवर मदत घेणारी. तिच्या गुडघ्याला चढ सोसत नाही. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि अशा सायकलींची बॅटरी सहसा ४०० ते ७५० वॅट-तासांची असते. म्हणजे ती सायकल घरीच ठेवून तिथे भाड्याने घ्यायची. हे भाडे तिने कागदावर मांडलेच नव्हते. कर्जदार जे आकडे विसरतो ते नेहमी एकाच बाजूचे असतात, हा माझा जुना अनुभव.

जावयाचा कागद रुबाबदार होता. रेडिंगहून फोकस्टन, तिथे गाडी आगगाडीत चढवायची आणि समुद्राखालून पस्तीस मिनिटांत कॅले. १९९४ साली हा बोगदा खुला झाला तेव्हा आमच्या शाखेत त्याचे फोटो आम्ही पेपरात कौतुकाने पाहिले होते. पन्नास किलोमीटरांचा बोगदा, त्यातले अडतीस समुद्राखाली! आज माझा जावई त्याचे नाव खंबाटकी घाटाच्या सहजतेने घेतो. कॅलेपासून मोर्झिन साधारण पावणेनऊशे किलोमीटर. राँस, त्रवा, दिजों असे करत जाणारा पैसे भरायचा रस्ता. चार सायकली गाडीच्या मागे, हवे तेवढे सामान, आणि वाटेल तेव्हा थांबायची मुभा.

पण त्याच्या कागदावरही एक गोष्ट गाळलेली होती. वाटेतला मुक्काम. "रात्री निघालो की सकाळी पोहोचतो," तो म्हणाला. मुलीने माझ्याकडे पाहिले. तेव्हा कळले की भांडण पैशांचे नव्हतेच. आदल्या वर्षी परतताना पहाटे चारच्या सुमारास त्याचा डोळा लागला होता. दोन सेकंद असतील. तिने हाक मारली म्हणून निभावले. तेव्हापासून तिला विमान हवे होते, आणि हे नातवासमोर बोलायचे नव्हते म्हणून तिने कागदावर पौंड मांडले होते.

युरोपात मालट्रक चालवणाऱ्याने साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास विश्रांती घेणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा आहे. ट्रकमध्ये बटाटे असले तरी हा नियम लागू. स्वतःच्या बायकापोरांना घेऊन निघालेल्या बापाला मात्र कोणताच नियम नाही. म्हणून मी पहिली दुरुस्ती केली: गाडीच्या खर्चात जाताना एक आणि येताना एक असे दोन मुक्काम धरायचे. यावर चर्चा नाही.

मग दोन्ही कागद एकत्र केले. बोगदा, पेट्रोल, रस्त्याचे पैसे, दोन मुक्काम असे मिळून गाडीचा खर्च आठशे पौंडांच्या आसपास गेला. विमानाचा खर्च तिकीट, सायकलीचे भाडे आणि जिनिव्हापासूनची गाडी धरून माणशी तीनशे तीस. फरक इथेच आहे. विमानाचा खर्च माणशी लागतो, गाडीचा खर्च गाडीला लागतो. एकटा माणूस गाडीने गेला तर ३३० च्या जागी ८०० घालवतो. दोघे गेले तर ६६० विरुद्ध ८००, अजूनही विमान बरे. तिघे झाले की ९९० विरुद्ध ८००, आणि पारडे फिरते. चौघांत तर प्रश्नच उरत नाही. 'विमान स्वस्त की गाडी' असा प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही. 'गाडीत किती जण' असे विचारले की लगेच मिळते.

इथपर्यंत सगळ्यांना पटले. मी म्हटले, आता तिसरा कागद. तो तुमच्यापैकी कोणीच मांडलेला नाही.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जाऊनयेऊन २,१०० किलोमीटर, मागे सायकली लटकवलेली गाडी लिटरला चौदा किलोमीटर देते असे धरले तर दीडशे लिटर पेट्रोल. म्हणजे सुमारे ३४५ किलो. विमानाने लंडन-जिनिव्हा दोन्ही वेळचे मिळून दीड हजार किलोमीटर, आणि माणशी अंदाजे दीडशे किलो. पुन्हा तेच कोष्टक! एकटा माणूस गाडीने गेला तर विमानाच्या दुपटीहून जास्त धूर करतो. दोघांत फरक थोडा उरतो. तिघांत गाडी पुढे जाते आणि चौघांत माणशी धूर विमानाच्या जवळजवळ निम्मा होतो. विमान उंचावर ज्या पांढऱ्या रेघा सोडते त्यांचाही हवामानावर परिणाम होतो. तो धरला तर पारडे आणखी आधी फिरते. गाडी विजेची असली तर हिशेब फारच बदलतो, कारण फ्रान्सची बरीचशी वीज अणुभट्ट्यांतून येते. पण जावयाची गाडी पेट्रोलची होती, आणि हिशेब आहे त्या गाडीचा करायचा असतो.

विमानातून जाणे पाप आणि जमिनीवरून जाणे पुण्य, असे सरसकट म्हणणारे लोक युरोपात आता पुष्कळ आहेत. स्वीडनमध्ये तर विमानप्रवासाची लाज वाटण्यासाठी खास शब्दच निघाला. त्यांचे म्हणणे आगगाडीच्या बाबतीत खरे आहे. पण भल्यामोठ्या गाडीत एकट्याने बसून हजार किलोमीटर जाणाऱ्याला ही पुण्याई कशी मिळते, हे मला कळत नाही.

आगगाडीचे काय? तोही विचार झाला. पण खोक्यांतल्या सायकली घेऊन पॅरिसमध्ये एका स्थानकावर उतरायचे, शहर ओलांडून दुसऱ्या स्थानकावर जायचे, पुढे डोंगराच्या पायथ्याशी उतरून बस धरायची. सायकल तिथे भाड्याने घेणाऱ्याला हा मार्ग सर्वांत चांगला. स्वतःच्या सायकलीवर जीव असणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला तो पटवणे माझ्या ताकदीबाहेरचे होते.

"पण बाबा, विमान तर जाणारच आहे. आम्ही बसलो काय, न बसलो काय," मुलगी म्हणाली.

हा युक्तिवाद मी आयुष्यभर ऐकला. माझे पाच हजार काढले तर बँक थोडीच बुडते? एकाने काढले तर नाही बुडत. पण बँक उभी असते ती अशाच पाच-पाच हजारांवर. विमानही विकल्या गेलेल्या खुर्च्यांवरच उडते.

आणि त्या खुर्चीची किंमत खरी असते का? ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या प्रत्येक लिटरवर पन्नास पेन्सांहून जास्त कर आहे, त्यावर आणखी मूल्यवर्धित कर. परदेशी जाणाऱ्या विमानाच्या इंधनावर मात्र कर नाही. याचे मूळ १९४४ सालच्या शिकागो करारात आणि त्यानंतर देशादेशांनी केलेल्या करारांत आहे. विमानसेवा तेव्हा बाळसे धरत होती, तिला जपायचे होते. ते बाळ आता ऐंशी वर्षांचे झाले, तरी दूध चालूच आहे. ब्रिटनने १९९४ पासून प्रवाशावर कर बसवला, युरोपात २०१२ पासून विमान कंपन्यांना कार्बनचे परवाने घ्यावे लागतात. पण त्यांतले बरेच परवाने वर्षानुवर्षे फुकट वाटले गेले. फ्रान्सने २०२३ साली, आगगाडीने अडीच तासांच्या आत पोहोचता येते अशा काही देशांतर्गत मार्गांवरची विमाने बंद केली. मार्ग निघाले तीन. सुरुवात म्हणून ठीक.

हे सगळे सायकलवाल्यांना का सांगायचे? कारण त्यांचा डोंगरच या हिशेबात गहाण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आल्प्सचे तापमान सुमारे दोन अंशांनी वाढले, म्हणजे जगाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत आपला दहा टक्के बर्फ गमावला. मोर्झिन गाव जेमतेम हजार मीटर उंचीवर आहे. अशा कमी उंचीच्या गावांना हिवाळ्याचा भरवसा उरलेला नाही. २०२३ च्या जानेवारीत आल्प्सच्या कितीतरी उतारांवर हिरवे गवत होते. म्हणून ही गावे उन्हाळ्याकडे वळताहेत, रोपवेंना सायकलींचे आकडे लावताहेत. बर्फ वितळला म्हणून सायकलवाले आले, आणि सायकलवाले ज्या वाहनांनी आले त्यांच्या धुराने आणखी बर्फ वितळतो. असे कर्ज मी मंजूर केले नसते.

शेवटी निकाल दिला. घरची माणसे तीन. तिघांत गाडी थोडीशी पुढे, पण रात्रीच्या डुलकीपुढे ती आघाडी काहीच नाही. तेव्हा अट अशी: गाडीने जायचे तर चौथी जागा भरायची, आणि ती गाडी चालवू शकणाऱ्या माणसाने. डोंगरी सायकलीवरून पडणाऱ्यांचे गळपट्टीचे हाड हटकून मोडते. चालवणाराच पडला तर हजार किलोमीटर गाडी परत कोण आणणार? कर्जाला जामीनदार लागतो तसा या सहलीला दुसरा चालक. जामीनदार नसेल तर विमान.

जावयाचा एक सहकारी त्याच आठवड्यात एकटाच मोर्झिनला निघाला होता, स्वतःच्या गाडीने. दोन गाड्या, दोन इंजिने, एकच डोंगर. एका फोनमध्ये काम झाले.

निघायच्या दिवशी मुलीने खाऊच्या पिशवीतून तुपाचा डबा काढून ठेवला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून, २०२१ पासून, दूधदुभते आणि मांस पलीकडे नेता येत नाही. तिचा पासपोर्ट अजून भारतीय, त्यामुळे शेंगेन व्हिसासाठी ती महिनोन्महिने आधी धावली होती. एका घरातून दोन देशांचे पासपोर्ट घेऊन तिसऱ्या देशात जायचे, हा आता कितीतरी मराठी घरांचा नित्यक्रम झाला आहे. मी मागे राहिलो. व्हिसा नव्हता, आणि गुडघे तर त्याहून नव्हते.

जाताना राँसला मुक्काम झाला. येतानाही. कोणी पडले नाही, हाड मोडले नाही. जामीनदाराची गरज पडली नाही, आणि चांगल्या कर्जाचे लक्षण तेच असते.

परत आल्यावर नातवाने तिन्ही कागद मागून घेतले आणि नीट वाचले. "आजोबा, तुम्ही मला पूर्ण माणूस धरलात की अर्धा?"

"पूर्ण. का?"

"पप्पा म्हणत होते, सोळा वर्षांखाली विमानाचा तो कर लागत नाही."

खरे होते ते. साध्या वर्गाने जाणाऱ्या सोळा वर्षांखालच्या मुलाला ब्रिटिश सरकार त्या करात मोजत नाही. मी त्याला तिसऱ्या कागदाकडे बोट दाखवून सांगितले, "इथे मात्र तुला पूर्णच धरावे लागते. हे बिल आमच्याकडे यायचे नाही, तुझ्याकडेच यायचे आहे."

त्याने कागदाची घडी घातली आणि सायकलीच्या हत्यारांच्या पेटीत ठेवून दिली.