खाते उत्तर देते, पण कोणाला?

माकुणसारपासून बोईसरपर्यंत कापड, शिलाई आणि भरतकामाचा धंदा करणाऱ्यांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते: जीएसटी खात्यात काही विचारायला गेले तर धड उत्तर मिळत नाही. ही तक्रार खोटी नाही, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. खाते उत्तरे देते. मात्र त्या उत्तरांचे प्रकार आहेत, प्रत्येकाचे वजन निराळे आहे आणि लहान व्यापाऱ्याच्या हाती बहुधा त्यातले सर्वांत हलके उत्तर पडते. आपण थान हातात घेऊन कापडाचा पोत ओळखतो. सरकारी उत्तराचा पोत ओळखण्याची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही.

याला कारणही आहे. १९५७ साली केंद्राने कापड, साखर आणि तंबाखू यांवर विक्रीकराऐवजी जादा अबकारी कर बसवला आणि राज्यांनी या मालावरील विक्रीकर सोडला. पुढे व्हॅट आला तरी महाराष्ट्रात बहुतेक कापड करमुक्तच राहिले. किराणा, लोखंड किंवा औषधे विकणारा व्यापारी वर्षानुवर्षे विक्रीकर कार्यालयाच्या पायऱ्या चढत होता. मुंबई विक्रीकर कायदा, १९५९ च्या कलम ५२ खाली आणि पुढे व्हॅट कायद्याच्या कलम ५६ खाली तो आयुक्तांना लेखी विचारू शकत होता की, माझ्या मालावर कर आहे का आणि असल्यास किती. कापडवाल्याला याची गरज क्वचितच पडली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि साठ वर्षे ज्या दारात जावे लागले नव्हते, त्या दारात एका दिवसात उभे राहावे लागले. विचारायचे काय, कोणाला आणि कसे, हे कोणी शिकवले नव्हते.

आता उत्तरांचे प्रकार पाहू. पहिले तोंडी उत्तर. टेबलामागचे साहेब सांगतात, आपण मान डोलावून घरी येतो. त्या उत्तराला कायद्यात कसलीही किंमत नाही. साहेब बदलले की उत्तर बदलते आणि तीन वर्षांनी नोटीस आली तर साक्षीला कोणी नसते.

दुसरे छापील प्रश्नोत्तरांचे. २०१७ मध्ये केंद्रीय खात्याने वेगवेगळ्या धंद्यांसाठी अशी प्रश्नोत्तरे काढली, त्यात कापडधंदाही होता. ती उपयोगी आहेत. पण ही माहिती केवळ सर्वसाधारण समज देण्यासाठी आहे, तिला कायदेशीर सल्ला समजू नये, अशी सूचना खाते स्वतःच सोबत देते. म्हणजे उत्तर फुकट, पण जबाबदारी ऐकणाऱ्याची.

तिसरे परिपत्रक. हे वजनदार, कारण खात्याच्या अधिकाऱ्यांना ते पाळावे लागते. पण ते कधी निघेल हे आपल्या हातात नाही आणि त्याची भाषा वकिलाशिवाय उलगडत नाही.

चौथे, ज्याला ॲडव्हान्स रूलिंग म्हणतात तो आगाऊ निर्णय. जीएसटी कायद्याने व्यापाऱ्याला विचारण्याचा हक्क दिला आहे की, माझ्या मालाचे वर्गीकरण काय, दर किती, नोंदणी लागेल की नाही. अर्जापासून ९० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. फी केंद्राच्या कायद्याखाली ५,००० आणि राज्याच्या कायद्याखाली ५,०००, मिळून १०,००० रुपये. शिवाय कलम १०३ प्रमाणे हा निर्णय फक्त विचारणाऱ्याला आणि त्याच्या संबंधित अधिकाऱ्याला बांधतो. शेजारच्या दुकानदाराने तोच प्रश्न विचारायचा तर पुन्हा दहा हजार मोजावेत. मे २०२० मध्ये कर्नाटकात एका कंपनीने आपल्या पराठ्याचा दर विचारला. तो रोटीत मोडत नाही, १८ टक्के भरा, असे उत्तर मिळाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याच पराठ्यावर शून्य कर आहे. एका कंपनीने फी भरून विचारलेल्या प्रश्नाचे सर्वांना लागू होणारे उत्तर यायला पाच वर्षे गेली.

आपल्या धंद्यातही तेच घडले. २०१७ मध्ये कृत्रिम धाग्यावर जास्त आणि कापडावर ५ टक्के कर, असा उलटा हिशेब बसला. विणणाऱ्याचे पैसे धाग्याच्या करात अडकले आणि परतावा मागितला तर नियमातच मनाई होती. १ ऑगस्ट २०१८ पासून परतावा मान्य झाला, पण तोवर साचलेली रक्कम बुडाल्याचे सांगितले गेले. २०१९ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ते बुडवणे बेकायदा ठरवले. धाग्याचा दर ५ टक्क्यांवर आला तो सप्टेंबर २०२५ मध्ये. एवढा काळ भांडवल अडकून राहणे मोठ्या गिरणीला झेपते. चार माग चालवणाऱ्याला झेपत नाही, तो माग विकतो.

हे झाले कायद्याबद्दलच्या प्रश्नांचे. खात्याच्या स्वतःच्या कामाबद्दलचे प्रश्न निराळे. माझा अर्ज कोणाच्या टेबलावर आहे? किती दिवस आहे? या कार्यालयात परताव्याचे किती अर्ज मुदतीबाहेर पडून आहेत? यांची उत्तरे वरच्या चारांपैकी कशातच मिळत नाहीत. त्यासाठी माहितीचा अधिकार कायदा, २००५ आहे. दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. न मिळाल्यास ३० दिवसांच्या आत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे दुसरे. दोषी अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा आहे.

पण इथे आपली माणसे एक चूक हमखास करतात. ती अर्जात लिहितात, ‘आमची नोंदणी का रोखली? हा कोणता न्याय?’ खाते उत्तर देते की, असा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. ऐकायला राग येतो, पण खाते बरोबर असते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगितले आहे की, दफ्तरात आहे ती माहिती द्यायची आहे, मत किंवा सल्ला नव्हे. म्हणून ‘का’ विचारू नये, कागद मागावा. ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावरील सर्व शेऱ्यांची प्रत द्या. अर्ज कोणत्या तारखेला कोणाकडे गेला ते कळवा. या अर्जाच्या निपटाऱ्याची मुदत ठरवणाऱ्या आदेशाची प्रत द्या.’ एवढे पुरे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, असा नियम २०१२ पासून आहे. कमी बोलणाऱ्या व्यापाऱ्याला ही अट जड नाही.

असा कागद मागायचा तर मुदती पाठ हव्यात. नोंदणीचा अर्ज सर्वसाधारणपणे सात कामकाजी दिवसांत आणि जागेची तपासणी लागली तर ३० दिवसांत निकाली निघायला हवा. परतावा ६० दिवसांत मिळायला हवा. उशीर झाला तर ६ टक्के व्याज खात्याने द्यायचे आहे. १७ एप्रिल २०२५ रोजी तर केंद्रीय खात्याने आपल्याच अधिकाऱ्यांना ताकीद दिली की, यादीबाहेरचे कागद मागू नका आणि ‘मालक दुसऱ्या शहरात का राहतो’ यासारखे तर्कावर चालणारे प्रश्न विचारू नका. अधिकाऱ्याने काय विचारू नये हे खात्याला लिहून द्यावे लागले, यातच सारे आले. पण ही सूचना माकुणसारच्या किती दुकानदारांच्या कानावर गेली?

भरतकाम करणाऱ्या कारागिराचे उदाहरण घ्या. स्वतःचा माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण दुसऱ्याच्या कापडावर मजुरीने काम केले तर ती सेवा ठरते आणि मर्यादा २० लाखांवर येते. दोन्ही करणाऱ्यालाही ४० लाखांची सवलत मिळत नाही. हे उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. ते कारागिराच्या भाषेत भिंतीवर लावलेले आम्ही कुठे पाहिलेले नाही. माहितीच्या अधिकाराचे कलम ४ सांगते की, खात्याने अशी माहिती कोणी न मागता स्वतःहून, स्थानिक भाषेत लोकांपुढे ठेवावी. खरे काम तिथेच अडले आहे.

आपल्या समाजात आणखी दोन अडचणी आहेत. एक भाषेची. आमच्यासारखे उर्दू माध्यमातून शिकलेले लोक मराठी बोलतात, पण सरकारी मराठीत अर्ज लिहिताना हात आखडतो. अर्ज मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत चालतो. ज्याला लिहिता येत नाही त्याचे तोंडी म्हणणे लिहून घेण्यास मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ती मेहेरबानी नव्हे. दुसरी अडचण भीतीची. ‘विचारले तर डोळ्यांवर येऊ, धाड पडेल.’ ज्याचे वहीखाते सरळ आहे त्याने ही भीती सोडावी. गप्प राहणाऱ्याला नोटीस येत नाही, असा कुठे अनुभव आहे?

पवित्र कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लहान असो की मोठा, लिहून ठेवायला सांगते. आपण गिऱ्हाइकाशी ते पाळतो, मग सरकारी कार्यालयाशी सारे तोंडी का? तिथेही लिहून विचारावे, लिहून घ्यावे आणि पोच सांभाळावी.

खात्याची बाजूही ऐकली पाहिजे. कर्मचारी कमी आहेत आणि माहितीच्या अर्जाचा धाक दाखवून पैसे उकळणारेही आहेत, असे अधिकारी म्हणतात. त्यात तथ्य आहे. म्हणून आपण स्वतःच्या फायलीपुरते आणि कार्यालयाच्या एकूण कामापुरतेच विचारावे. शेजाऱ्याच्या हिशेबात नाक खुपसू नये. ते कायद्यालाही मान्य नाही आणि आपल्या दीनलाही.

आमच्या मागण्या तीन आहेत. प्रत्येक कार्यालयाने किती अर्ज आले, किती निकाली निघाले आणि किती मुदतीबाहेर आहेत, हे दर महिन्याला मराठीत फलकावर लावावे. आगाऊ निर्णयाची फी लहान व्यापाऱ्यासाठी कमी करावी. एकाला दिलेले उत्तर तशाच मालाच्या सर्वांना लागू होईल, असे परिपत्रक वेळेत काढावे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तो कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणून. पूर्वी जिल्ह्याच्या कामासाठी ठाणे गाठावे लागे, आता केळवे रोडहून पालघर पुढचेच स्टेशन आहे. कार्यालय जवळ आले, उत्तरही जवळ यायला हवे.

तोवर व्यापारी संघटनांनी एक काम करावे. महिन्यातून एकदा सर्वांचे प्रश्न गोळा करावेत, खात्याला संघटनेच्या कागदावर लेखी विचारावेत आणि आलेले उत्तर मशिदीबाहेरच्या, बाजारातल्या फलकावर लावावे. एकाने मिळवलेले उत्तर दहा जणांच्या कामी आले तर दहा हजारांच्या फीचा प्रश्न निम्मा सुटतो.