न दिसणारी बुरशी

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. माझा पुतण्या रक्ताच्या कर्करोगासाठीं मूळपेशींचें रोपण करून घेऊन दीड महिन्यानें घरीं यावयाचा होता. मूळपेशी धाकट्या भावानें दिल्या होत्या. मुलगा मरणाच्या दारांतून परत येणार, म्हणून वहिनींनीं माजघराच्या ओल आलेल्या भिंती खरवडून रंगविण्याचा आणि त्याच्या उशाशीं तुळशीची कुंडी ठेवण्याचा बेत केला. डॉक्टरांच्या कानीं हें जातांच त्यांनीं निक्षून सांगितलें, “तो घरांत असेतों भिंतीस हात लावूं नका, आणि मातीची कुंडी खोलींत नको.”

वहिनींस वाईट वाटलें. “भाऊजी, पोटच्या मुलासाठीं घर उजळूं नये काय?” असें त्या मला म्हणाल्या. त्यांस जें सांगितलें तेंच वाचकांपुढें ठेवितों.

या उपचारांत प्रथम जालीम औषधांनीं, क्वचित् किरणांनीं, रोग्याच्या हाडांतील मज्जा रिकामी करितात व मग दात्याच्या मूळपेशी शिरेंतून सोडितात. ही विद्या रुळविणारे अमेरिकन वैद्य डॉनल थॉमस यांस १९९० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या मुंबईच्या टाटा रुग्णालयांत असें रोपण १९८३ सालींच झालें. नव्या पेशी रुजून रक्त निर्माण करूं लागण्यास दोन ते चार आठवडे लागतात. तोंपर्यंत रक्तांत रक्षक श्वेतपेशी जवळ जवळ नसतातच.

आतां बुरशीकडे वळूं. ‘ॲस्परजिलस’ हें नांव इटलींतील मिकेली या धर्मोपदेशकानें १७२९ सालीं ठेविलें. सूक्ष्मदर्शकाखालीं तिचा आकार त्यास चर्चमधील तीर्थ शिंपडण्याच्या कुंचल्यासारखा दिसला. तिचे बीजाणु मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांएवढे असतात. माती, कुजका पाला, ओल्या भिंती, पाडकामाची धूळ यांतून ते उडतात आणि आपण सर्वच ते रोज श्वासाबरोबर घेतों. निरोगी शरीर ते तत्काळ नष्ट करितें. रक्षक नसलेल्या फुप्फुसांत मात्र ते अंकुरतात आणि त्यांचे तंतु रक्तवाहिन्या भेदीत पुढें सरकतात. म्हणूनच रुग्णालयांत अशा रोग्याच्या खोलींत गाळलेली हवा सोडितात.

मग श्वेतपेशी आल्या म्हणजे भय सरलें काय? नाहीं. कित्येकदां दात्याच्या पेशी रोग्याच्याच शरीरावर उलटतात. त्यांस आवरण्यासाठीं स्टेरॉइडें द्यावीं लागतात आणि तीं प्रतिकारशक्ति पुन्हां दडपितात. हा दुसरा धोक्याचा काळ रोगी बहुधा घरीं असतांना येतो.

औषधें आहेत. ॲम्फोटेरिसिन जुनें, पण मूत्रपिंडांस जाचक. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेंत नव्या व्होरिकोनॅझोलनें बारा आठवड्यांनीं शेंकडा ७१ रोगी जिवंत होते, जुन्यानें ५८. म्हणजे चांगल्या औषधानेंहि शंभरांतील एकोणतीस गेले.

हे आंकडे माझ्यापुरते नुसते आंकडे नव्हेत. पुतण्याच्या शेजारच्या खोलींत एक तरुण होता. त्याचा कर्करोग हटला होता, नवें रक्त रुजलें होतें. पण बुरशीनें फुप्फुस धरिलें आणि तो गेला. त्याची आई एवढेंच म्हणाली, “मोठ्या रोगांतून सुटला होता हो माझा बाळ.” हें ऐकिल्यावर वहिनी पुन्हां रंगाविषयीं बोलल्या नाहींत.

आम्हीं माजघर बंद केलें, पुतण्याची सोय माडीवरील कोरड्या खोलींत केली आणि तुळस अंगणांतच राहिली. ज्यांच्या घरीं असा रोगी असेल त्यांनीं डॉक्टर मोकळीक देईपर्यंत हेंच करावें. बागकाम, झाडलोट, शिळें अन्न यांपासून त्यास दूर ठेवावें. बुरशीवरील औषधाची एकहि मात्रा चुकवूं नये. ताप, खोकला, छातींत दुखणें, थुंकींत रक्त, किंवा नाकाजवळ सूज अगर काळी खपली दिसल्यास सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. यांतील शेवटचें लक्षण म्युकर नांवाच्या बुरशीचें असूं शकतें. २०२१ सालीं करोनाच्या सांथींत महाराष्ट्रानें तिचा कहर पाहिला आहे.

यंदा माजघरास रंग लागला. तेवढे दिवस पुतण्यास मावशीकडे धाडलें होतें. धूळ पुसून काढल्यावर त्यास आणावयास वहिनी स्वतः गेल्या.