कापलंस? मग तिथंच टाक!

रविवारची सकाळ. दुसरा चहा झालेला, पेपर वाचून फेकलेला. बाल्कनीतली तगर भलतीच माजलीय आणि जास्वंदीच्या फांद्या शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत पोचल्यात. मग तुम्ही कात्री काढता, कचाकच छाटता, सगळा पाला काळ्या पिशवीत कोंबता आणि सोमवारी ती पिशवी कचऱ्याच्या गाडीत! संध्याकाळी पुन्हा नर्सरीत जाऊन त्याच झाडांसाठी पैसे मोजून खताची पिशवी आणता.

बॉस, हा व्यवहार जरा तपासून बघा. झाडानं महिनोन्‌महिने तुमच्या कुंडीतल्या मातीतून नत्र, पालाश, कॅल्शियम काढून ती पानं बनवली. तुम्ही ती फुकटात देऊन टाकली आणि तीच अन्नद्रव्यं विकत आणली. इन्व्हेस्टमेंटच्या गप्पा मारणाऱ्या आपल्या पिढीला हे शोभतं का?

आज बोलायचंय ते याच विषयावर. झाडाचं जे कापलं, ते त्याच झाडाच्या पायाशी पसरायचं. इतकाच फंडा! इंग्रजीत याला मल्चिंग म्हणतात. आपल्याकडचा शब्द त्याहून गोड आहे : आच्छादन. म्हणजे जमिनीचं पांघरूण.

पर्माकल्चर म्हणजे काय रे भाऊ?

१९७८ साली ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी ‘पर्माकल्चर वन’ नावाचं पुस्तक लिहिलं. एकदा बसवली की जंगलासारखी स्वतःच स्वतःला पोसत राहील अशी बाग किंवा शेती, ही त्यातली कल्पना. जंगलात कोणी झाडू मारत नाही आणि युरियाही टाकत नाही. तरी सगळं हिरवंगार! कारण पडलेलं पान तिथंच कुजतं. पर्माकल्चरवाल्यांनी याच गोष्टीला ‘चॉप अँड ड्रॉप’ असं स्टायलिश नाव दिलं. कापा आणि टाका, बस्स.

पण हे फॉरेनचं खूळ आहे असं समजू नका. मूळचे गणिताचे प्राध्यापक असलेले श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि पालापाचोळ्यापासून कसदार माती कशी बनवायची, याची गणितं शेतकऱ्यांबरोबर बसून मांडली. २००१ साली ते गेले, पण त्यांचं काम थांबलं नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी फुलवलेली बाग त्यांच्याच वाटेनं गेलेली. किचनमधला ओला कचरा आणि सुका पाला, हे तिथलं भांडवल. विदर्भातले सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या नैसर्गिक शेतीच्या चार खांबांपैकी एक खांब आच्छादनच आहे.

चला नंदुरबारला

तुमच्या ऑफिसातही एखादा असेल, बोलता बोलता ‘भो’ म्हणणारा खान्देशी मित्र. तो नंदुरबारचा निघाला, तर त्याला कँटीनमध्ये गाठा आणि विचारा, ‘तुमच्याकडे उसाच्या पाचटाचं काय करतात?’ गप्पा लंच टाइम संपला तरी संपणार नाहीत.

१९९८ साली धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. वर सातपुडा आणि नर्मदा, खाली तापी. धडगाव, अक्कलकुवा डोंगरात. शहादा, तळोदा तापीच्या काळ्या मातीत. मिरची, पपई, केळी, कापूस आणि ऊस. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला साखर कारखाना आहे, म्हणजे आसपास ऊस आलाच. मे महिन्यात इथला पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. काळी माती तापते, आकसते आणि पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. पाण्याची खरी परीक्षा तेव्हाच असते.

आता या मातीच्या डोक्यावर छत्री धरायची की तिला उघडं सोडायचं?

ऊस तोडला की कांडी कारखान्यात जाते, वाढं जनावरांना जातं आणि वाळलेली पानं, म्हणजे पाचट, रानात उरतं. एका हेक्टरमागे साधारण ८ ते १० टन! राज्यात वर्षानुवर्षं चालत आलेली सोपी पद्धत म्हणजे काडी ओढायची. तासाभरात रान साफ. आणि धुरातून काय जातं? पाचटात नत्राचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. हिशोब करा : हेक्टरी ४० ते ५० किलो नत्र, म्हणजे ४५ किलोची एक गोणी धरली तर युरियाच्या दोन गोण्यांहून थोडं जास्त. पालाश तर ७५ ते १०० किलोपर्यंत. त्यातला पालाश राखेत मागे राहतो, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो. वरच्या थरातल्या जिवाणूंना चटका बसतो तो वेगळाच.

पाचट ठेवलं तर हे सगळं दुसऱ्या दिवशी पिकाला मिळत नाही, हेही खरं. ते हळूहळू, कुजता कुजता मिळतं. एफडीसारखं. पण पांघरुणाचा फायदा मात्र पहिल्या दिवसापासून सुरू. ऊन थेट मातीला लागत नाही, ओल टिकते, पाण्याची पाळी लांबवता येते. खाली प्रकाश पोचत नाही, म्हणून तण कमी उगवतं. पावसाचा थेंब मातीवर आपटून तिचा चिखल करत नाही, पाचटावर पडून निवांत खाली झिरपतो.

मग लोक जाळतात का?

एसीत बसून ‘शेतकरी अडाणी आहेत’ म्हणणं सोपं आहे. तसं म्हणू नका, प्लीज. पाचट सरीत दाबायला माणसं लागतात, आणि ऊसतोडीच्या हंगामात मजूर मिळणं म्हणजे दिवाळीत एसटीचं रिझर्व्हेशन मिळण्यासारखं. पाचटात पाणी अडतं आणि सरीच्या शेवटापर्यंत पोचायला वेळ लागतो. उंदीर, सापाची भीती असते. शेजारच्या रानातली ठिणगी उडाली तर पाचट पेटून खोडवा जायचा धोकाही असतो. खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटून आलेलं पुढचं पीक.

यावर उपाय आहेत आणि ते करणारे शेतकरीही आहेत. बुडखे जमिनीलगत छाटायचे, म्हणजे नवा फुटवा जोमदार येतो. ट्रॅक्टरवरच्या कुट्टी मशीननं पाचटाचे तुकडे करायचे, नाहीतर एक सरी पाचटाची आणि एक सरी पाण्याची ठेवायची. पाचटावर थोडा युरिया, थोडं सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणूंचं संवर्धन टाकायचं.

हा युरिया कशाला? इथं थोडं सायन्स, घाबरू नका. कुजवणाऱ्या जिवाणूंना जेवायला कर्ब लागतो आणि अंग धरायला नत्र. त्यांना रुचणारं प्रमाण साधारण २५ ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र. पाचटात हे प्रमाण ऐंशीच्या घरात. म्हणजे भात भरपूर आणि आमटी चमचाभर! मग जिवाणू आमटी मागायला मातीकडे जातात, तिथला नत्र उचलतात आणि पीक काही दिवस पिवळं पडतं. म्हणून वरून थोडा नत्र द्यायचा. तो गोणीतूनच यायला हवा असंही नाही. बांधावरचा गिरीपुष्प छाटून त्याचा हिरवा पाला पाचटावर पसरला तरी जमतं, कारण त्याच्या पानात नत्र भरपूर असतो. वर्षातून दोन-तीनदा छाटा, तो पुन्हा फुटतो. हे झाड म्हणजे बांधावरचं एटीएमच!

आता तुम्ही म्हणाल, मिरची-पपईवाले तर प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर अंथरतात, तोच का नको? ओल धरतो, तण रोखतो, काम चोख करतो. पण तो मातीला खायला काही देत नाही. आणि हंगाम संपला की त्याच्या चिंध्या गोळा करत बसायचं. जे राहतं ते मातीतच राहतं, आणि प्लॅस्टिक काही कुजत नाही.

सगळंच टाकायचं नाही हं!

नवशिके उत्साहात इथंच फसतात. ‘कापलं ते तिथंच टाक’ या नियमाला एक मोठा अपवाद आहे : रोगट माल. केळीवर करपा आला की रोगट पानं कापून बागेबाहेर नेतात आणि नष्ट करतात. ती खाली पसरली तर रोगाचे बीजाणू बागेतच मुक्काम ठोकतात. डाळिंबावर तेल्या असेल तर छाटलेल्या फांद्याही बागेत ठेवायच्या नसतात.

कापसाचं तर फारच जपून. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रातल्या कापूसवाल्यांची झोप उडवली होती. ही अळी उरलेल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाची वाट बघते. म्हणून वेचणी संपली की पऱ्हाट्या महिनोन्‌महिने उभ्या ठेवायच्या नाहीत आणि बांधावर ढीगही लावायचा नाही. श्रेडरनं बारीक भुगा करून मातीत मिसळला तर अळीचाही निकाल लागतो आणि मातीलाही घास मिळतो.

थोडक्यात, आधी ओळखा, मग पसरा. मेडिकल चेकअप झाल्याशिवाय एन्ट्री नाही.

आता तुमची बाल्कनी

वरचं सगळं दहा इंचाच्या कुंडीलाही लागू आहे. फक्त स्केल छोटी. हे घ्या सोपे नियम :

- छाटलेल्या फांद्यांचे बोटाएवढे तुकडे करा. कोवळे आणि हिरवे लवकर कुजतात, जाड काड्या हळू. दोन्ही मिसळा.

- कुंडीत दोन इंच थर पुरे, जमिनीवरच्या बागेत चार इंच. मातीला आधी पाणी द्या आणि मग पांघरूण घाला. कोरड्या मातीवर आच्छादन टाकलं तर ती कोरडीच राहते.

- खोडापासून दोन-तीन बोटं जागा मोकळी सोडा. खोडाला चिकटलेला ओला पाला म्हणजे बुरशीला आमंत्रण.

- काड्या वरच राहू द्या. लाकडी तुकडे मातीत मिसळलेत की वर सांगितलेली आमटीची भानगड सुरू होते.

- भुरी पडलेली किंवा पिठ्या ढेकूण लागलेली पानं नकोत. मनीप्लांटचे ओले तुकडे नकोत, ते मूळ धरतात. बी धरलेलं तण तर मुळीच नको.

- पाला कमी पडला? रसवंतीवाल्याकडे उसाची चिपाडं मागा. आधी दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, नाहीतर साखरेच्या वासानं मुंग्यांची वरात येते.

- पावसाळ्यात थर पातळ करा. गोगलगाईंना असं पांघरूण फार आवडतं.

महिन्याभरानं थर उचलून बघा. खालची माती काळसर, भुसभुशीत लागेल आणि पावसानंतर येतो तसला वास येईल. तुमचं पाणी घालणंही कमी झालेलं असेल. गावी लग्नाला चार दिवस गेलात तरी ‘झाडांना पाणी कोण घालणार’ हे टेन्शन निम्मं.

सोसायटीत झाडं मोठी असतील तर जानेवारी ते एप्रिलमध्ये पानांचे ढीग पडतात आणि सकाळी कोणीतरी ते पेटवतं. तो धूर थेट तुमच्या बेडरूममध्ये येतो. पुण्यात अदिती देवधर यांनी २०१६ साली ‘ब्राउन लीफ’ नावाचा उपक्रम सुरू केला, तो याच दुखण्यावर. ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत त्यांनी पोत्यात भरायची, ज्यांना बागेसाठी हवीत त्यांनी घेऊन जायची. इतकं साधं! तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलायला काय हरकत आहे?

आणि गावाकडचं रान?

हे पान वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या नावावर गावाकडे दोन-चार एकर आहेत. आपण शहरात, रान वडील नाहीतर काका बघतात. सणाला घरी गेल्यावर त्यांना पर्माकल्चरवर लेक्चर देऊ नका. ‘चार पुस्तकं वाचून आला मला शिकवायला’ हे ठरलेलं उत्तर मिळेल, आणि ते बरोबरच असेल. जाळण्यामागचं त्यांचं गणित मजुरीचं आहे, तेव्हा बोलायचंही तिथंच.

‘आप्पा, यंदा सगळं रान नको, फक्त चार सऱ्या जाळायच्या नाहीत. कुट्टी मशीनचं भाडं मी पाठवतो.’ बस्स, एवढंच म्हणा. मल्टिप्लेक्सचे दोन-तीन वीकएंड वाचवले की तेवढे पैसे निघतील. पुढच्या मे महिन्यात त्या चार सऱ्यांत आणि शेजारच्या चारांत हात घालून ओल कुठे आहे ते बघा, म्हणजे ते त्यांनाच बघू द्या. शेतकऱ्याला शेजारच्या सरीइतकं दुसरं कोणी पटवू शकत नाही.

आपल्या पगारातून गावी टीव्ही जातो, फ्रिज जातो, मोबाइल जातो. यंदा मातीसाठी एक पांघरूण जाऊ द्या. ते विणायचं काम उसानं आधीच करून ठेवलंय, आपण फक्त काडी ओढायची नाही!