दूध मूर्तीने प्यायले नव्हते

संपादक महोदय,

साध्या घटनांतही देवाचा संकेत पाहावा, हे पटवताना आपल्या लेखकांनी २१ सप्टेंबर १९९५चे गणपतीच्या मूर्तींचे दूधप्राशन ‘आजवर न उलगडलेले’ ठरवले आहे. ते खरे नाही. शास्त्रज्ञांनी तेव्हाच दुधात रंग मिसळून दाखवले होते की, तिरपा चमचा सोंडेला टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढले जाते आणि पातळ ओघळ होऊन मूर्तीवरून खाली उतरते. पांढऱ्या संगमरवरावर तो ओघळ दिसत नाही, एवढेच. ‘यात कोणाचे काय बिघडते?’ हा त्यांचा सवालही टिकत नाही. ऑगस्ट २००६मध्ये मुंबईत माहीमच्या समुद्राचे पाणी ‘गोड’ झाले म्हणताच लोकांनी सांडपाणी मिसळलेले ते पाणी प्यायले, बाटल्या भरून घरी नेले. मिठी नदी भर पावसाळ्यात गोडे पाणी घेऊन तिथेच समुद्राला मिळते, याचा विचार कोणी करायचा? आणि संकेत नाकारणारा श्रद्धाहीन, हे तर मुळीच मान्य नाही. तुकोबांनी नवसांवर कोरडे ओढले, म्हणून त्यांची विठ्ठलनिष्ठा उणी ठरली काय? संकेताचा अर्थ शेवटी माणूसच सांगतो. त्याला जाब विचारण्याचा हक्क भाविकालाही आहे. लेखकांनी रंगीत दुधाच्या प्रयोगाची नोंद घेऊन दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, ठाणे