कोलेस्टेरॉल : गोळी की पथ्य, प्रश्न जोखमीचा

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये रक्तातील मेदविकारांसंबंधी भारतासाठी प्रथमच स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार सर्वसामान्य निरोगी व्यक्तीच्या रक्तातील 'एलडीएल' अर्थात घातक कोलेस्टेरॉल प्रति डेसिलिटर १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे. मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्यांसाठी ही मर्यादा ७० आहे, तर ज्यांना हृदयविकाराचा झटका अथवा पक्षाघात येऊन गेला आहे त्यांच्यासाठी ती ५५ ठरवण्यात आली आहे. एकच आकडा एकासाठी समाधानकारक आणि दुसऱ्यासाठी धोक्याचा ठरू शकतो, हे या तत्त्वांमागचे मुख्य सूत्र आहे.

रक्ततपासणीचा अहवाल हाती आल्यावर बहुतेक घरांमध्ये होणारी चर्चा मात्र वेगळ्याच दिशेने जाते. एकदा सुरू केलेली गोळी आयुष्यभर सुटत नाही, त्यापेक्षा तेल-तूप बंद करावे, चालायला जावे, लसूण किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घ्याव्यात, असे सल्ले सर्व बाजूंनी मिळतात. औषध म्हणजे कृत्रिम आणि पथ्य म्हणजे नैसर्गिक, अशी विभागणी त्यात गृहीत धरलेली असते. गेल्या तीन दशकांतील संशोधन पाहता ही विभागणी टिकत नाही. औषध, आहार, व्यायाम आणि पूरक गोळ्या या चारही गोष्टी एकाच तराजूत घालून पाहणे आता शक्य झाले आहे.

प्रश्नाची व्याप्ती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने २००८ ते २०२० या काळात देशभरातील १ लाख १३ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आणि सुमारे २४ टक्के प्रौढांना वाढलेले कोलेस्टेरॉल असल्याचे आढळले. राज्याराज्यांतील तफावतही लक्षणीय होती. वाढलेल्या कोलेस्टेरॉलचे प्रमाण केरळमध्ये सर्वाधिक होते, तर मधुमेहाच्या बाबतीत २६.४ टक्क्यांसह गोवा आघाडीवर होता.

भारतीयांच्या रक्तातील मेदाचे स्वरूपही काहीसे वेगळे आहे. ट्रायग्लिसराइड अधिक आणि 'एचडीएल' हे उपकारक मानले जाणारे कोलेस्टेरॉल कमी, असे चित्र येथे वारंवार दिसते. त्यात मैदा, साखर, पांढरा तांदूळ यांसारख्या पिष्टमय पदार्थांचा अतिरेक आणि पोटाभोवतीची चरबी यांचा मोठा वाटा असतो. म्हणूनच 'आम्ही शाकाहारी, आम्हाला कोलेस्टेरॉलची काय भीती' हा समज चुकीचा ठरतो. शिवाय शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल अन्नातून येत नाही, ते शरीरातच तयार होते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. खाद्यतेलाच्या डब्यांवर 'कोलेस्टेरॉलविरहित' असे ठळक अक्षरांत छापलेले असले तरी कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात ते नगण्यच असते.

औषधाची बाजू

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांमध्ये 'स्टॅटिन' गटाची औषधे प्रमुख आहेत. त्यांचा उगम प्रयोगशाळेतील रसायनात नसून बुरशीत आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी हजारो बुरशींची तपासणी करून पेनिसिलियम गटातील एका बुरशीतून पहिले स्टॅटिन वेगळे केले. एन्डो यांचे जून २०२४ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी निधन झाले. या गटातील लोव्हास्टॅटिन या औषधाला अमेरिकेत १९८७ मध्ये प्रथम परवानगी मिळाली.

ही औषधे यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतात. निर्मिती घटल्यावर यकृत आपली गरज भागवण्यासाठी रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात खेचून घेते. यकृताच्या पेशी एलडीएल कसे शोषतात याचा उलगडा करणाऱ्या मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते.

तथापि, अहवालातील आकडा खाली येणे आणि माणूस वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट सिद्ध झाली ती १९९४ मध्ये. स्कॅन्डिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन आणि निम्म्यांना औषधी घटक नसलेली गोळी देण्यात आली. सुमारे साडेपाच वर्षांत दुसऱ्या गटातील २५६ जणांचा, तर औषध घेणाऱ्या गटातील १८२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या अनेक मोठ्या चाचण्यांचा एकत्रित अभ्यास ऑक्सफर्ड येथील संशोधकांच्या पुढाकाराने झाला. एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने कमी झाल्यास हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना जवळपास एक पंचमांशाने घटतात, असे त्यातून दिसून आले.

दुष्परिणामांचे काय, हा प्रश्न रास्त आहे. २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील आढाव्यात त्याचा हिशेब मांडण्यात आला. एलडीएल सुमारे ७७ मिलिग्रॅमने कमी करणारे औषध आधीच हृदयविकार असलेल्या १० हजार जणांनी पाच वर्षे घेतल्यास सुमारे एक हजार जणांवरील गंभीर प्रसंग टळतात. हृदयविकार झालेला नाही, पण जोखीम जास्त आहे, अशा १० हजारांमध्ये हा आकडा सुमारे ५०० आहे. उलट बाजूस स्नायूंचा गंभीर विकार सुमारे पाच जणांना, नव्याने मधुमेह ५० ते १०० जणांना आणि मेंदूतील रक्तस्राव पाच ते दहा जणांना होऊ शकतो. मधुमेहाचे निदान होणारे बहुतेक जण आधीच त्याच्या उंबरठ्यावर असतात, असे नंतरच्या विश्लेषणात आढळले.

अंगदुखीची तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. तिच्याविषयी २०२० मध्ये ब्रिटनमधील एका प्रयोगाने नवा प्रकाश टाकला. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर आलटून पालटून काही महिने खरी गोळी, काही महिने औषधविरहित गोळी आणि काही महिने रिकामी बाटली देण्यात आली. खऱ्या गोळीने जेवढा त्रास झाला त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास औषधविरहित गोळीनेही झाला. त्रास खरा होता, पण त्याचे मुख्य कारण औषध नसून औषधाविषयीची धास्ती होती. स्वतःचे निकाल पाहिल्यानंतर यांपैकी निम्म्या जणांनी औषध पुन्हा सुरू केले.

आहार आणि व्यायामाचे बळ

याचा अर्थ पथ्य निरुपयोगी आहे, असा नव्हे. कॅनडातील टोरांटो येथे २००३ मध्ये झालेल्या एका प्रयोगात ४६ जणांची विभागणी तीन गटांत करण्यात आली. ओट, जव, भेंडी, वांगी, बदाम, सोयाबीन आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल यांचा समावेश असलेल्या काटेकोर आहाराने महिन्याभरात एलडीएल सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाले. लोव्हास्टॅटिनने झालेली घट सुमारे ३१ टक्के होती. भेंडी आणि वांग्यासारख्या साध्या भाज्यांनी गोळीशी बरोबरी साधल्याने या निकालाची मोठी चर्चा झाली.

परंतु त्या प्रयोगात जवळपास सर्व अन्न संशोधकांनी पुरवले होते. तोच आहार घरच्या स्वयंपाकघरात कितपत पाळला जातो हे पाहण्यासाठी २०११ मध्ये ३५१ जणांचा अभ्यास झाला. त्यांना केवळ सल्ला देण्यात आला आणि सहा महिन्यांनंतरची घट १३ ते १४ टक्के भरली. आहाराची ताकद आणि त्या ताकदीचा प्रत्यक्षात मिळणारा लाभ यांतील अंतर या दोन आकड्यांतून स्पष्ट होते. १३ टक्के घटही कमी मोलाची नाही. मात्र मध्यम मात्रेतील स्टॅटिन ३० ते ५० टक्के घट घडवते, हेही विसरता येत नाही.

व्यायामाच्या बाबतीत अपेक्षा नेमकी असायला हवी. नियमित चालण्याने एलडीएल फारसे उतरत नाही. ट्रायग्लिसराइड मात्र कमी होतात, रक्तदाब आणि साखर आटोक्यात येते, पोटाचा घेर घटतो. म्हणजेच भारतीयांमध्ये ठळकपणे दिसणाऱ्या दोषांवर व्यायाम नेमका काम करतो. तीन महिने चालूनही एलडीएल तेवढेच राहिले म्हणून चालणे सोडून देणे हा त्यामुळे तोट्याचा व्यवहार ठरतो. गोळी रक्तदाब उतरवत नाही, वजन घटवत नाही आणि धूम्रपानाची हानीही भरून काढत नाही.

आहाराचा सर्व भार व्यक्तीवर टाकणेही योग्य नाही. वनस्पती तूप आणि बेकरीच्या पदार्थांतील ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतात आणि एचडीएल कमी करतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने खाद्यतेल व चरबीयुक्त पदार्थांतील त्यांची मर्यादा २०२१ मध्ये तीन टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली. ग्राहकाने स्वतः काही न बदलताही त्याच्या ताटात फरक पडावा, हा अशा नियमांचा हेतू असतो.

पूरक गोळ्यांचा दावा

तराजूचे चौथे पारडे पूरक गोळ्यांचे आहे आणि तेच सर्वांत हलके भरते. अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले. तिच्यात १९० जणांना २८ दिवस कमी मात्रेतील रोसुव्हास्टॅटिन, औषधविरहित गोळी किंवा सहांपैकी एक पूरक देण्यात आले. माशाचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिजन्य स्टेरॉल आणि लाल यीस्ट तांदूळ ही ती सहा पूरके होत. रोसुव्हास्टॅटिनने एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी कमी झाले. सहांपैकी एकाही पूरकाचा परिणाम औषधविरहित गोळीहून लक्षणीय ठरला नाही, लसणाच्या गटात तर एलडीएल वाढल्याचे दिसले. या चाचणीला रोसुव्हास्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीचे अर्थसाहाय्य होते आणि तिचा कालावधीही अल्प होता, हे लक्षात घेतलेच पाहिजे. पण पूरकांच्या बाजूने तेवढ्याच काटेकोर चाचण्या मांडण्याची जबाबदारी ती विकणाऱ्यांवर येते.

भारतातील गुग्गुळाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. आयुर्वेदातील मेदोरोगाच्या वर्णनावरून बनारस हिंदू विद्यापीठात १९६० च्या दशकात गुग्गुळावर संशोधन सुरू झाले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने त्याचा अर्क विकसित केला आणि १९८० च्या दशकात तो औषध म्हणून बाजारात आला. भारतातील चाचण्यांमध्ये त्याने कोलेस्टेरॉल कमी होत असल्याचे आढळले होते. मात्र २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर झालेल्या चाचणीत एलडीएल कमी न होता किंचित वाढले. परंपरेतून सुचलेली कल्पना तपासण्याजोगी असते, परंतु तपासणीचा निकाल काय येईल हे परंपरा ठरवू शकत नाही.

लाल यीस्ट तांदळाची कथा याहून उद्बोधक आहे. त्यातील 'मोनाकोलिन के' हा घटक रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच आहे. म्हणजे गोळी नको म्हणून हे पूरक घेणारा माणूस तीच गोळी घेत असतो, फक्त त्याची मात्रा प्रत्येक बाटलीत निश्चित नसते. जपानमध्ये मार्च २०२४ मध्ये लाल यीस्टयुक्त पूरक घेणाऱ्या अनेकांना मूत्रपिंडाचे विकार झाल्याचे उघड झाले आणि उत्पादक कंपनीला ती उत्पादने परत घ्यावी लागली. भारतात अशी पूरके औषध कायद्याखाली नव्हे, तर अन्न सुरक्षा कायद्याखाली येतात. 'औषधी उपयोगासाठी नाही' अशी सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. जाहिरातीचा आवाज मात्र त्या सूचनेपेक्षा मोठा असतो.

निवड कशी करावी

उपलब्ध पुरावा एकत्र पाहिल्यास साधारण तीन गट पडतात. ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी वा बायपास झाली आहे, त्यांच्यासाठी औषध की पथ्य हा पर्यायच नाही. त्यांना दोन्हींची गरज असते. आनुवंशिक कारणाने एलडीएल फार वाढलेल्यांचीही तीच स्थिती आहे, कारण जनुकांतील दोष आहाराने भरून निघत नाही. तरुण, धूम्रपान न करणाऱ्या, रक्तदाब आणि साखर सामान्य असलेल्या व्यक्तीचे एलडीएल किंचित वाढले असेल, तर काही महिने आहार-व्यायाम करून पुन्हा तपासणी करणे समंजसपणाचे ठरते.

खरा विचार लागतो तो मधल्या गटात. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली, थोडा रक्तदाब किंवा थोडी साखर असलेली, घरात हृदयविकाराचा इतिहास असलेली ही माणसे आहेत. अशा वेळी एकट्या एलडीएलकडे न पाहता पुढील दहा वर्षांतील एकूण जोखीम डॉक्टरांसमवेत मोजावी लागते. ७५ वर्षांवरील निरोगी व्यक्तींनी नव्याने स्टॅटिन सुरू करावे की नाही, याविषयी पुरावा अपुरा असल्याचे अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये नमूद केले होते. गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी औषधाबाबत आधीच सल्ला घेणे आवश्यक आहे.

भारतासमोरील मोठी अडचण मात्र अतिरिक्त औषधांची नसून, गरजूंपर्यंत औषध न पोहोचण्याची आहे. भारतासह १७ देशांत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्युअर' अभ्यासात अल्प उत्पन्न गटातील देशांमधील हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णांपैकी केवळ ३.३ टक्के जण स्टॅटिन घेत असल्याचे आढळले होते. भारताचा समावेश त्याच गटात होता. अॅटोर्व्हास्टॅटिन हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रांतही मिळते. तरीही झटक्यातून बरे झालेले अनेक जण अहवालातील आकडा सुधारताच गोळी थांबवतात. आकडा सुधारलेला असतो तो गोळीमुळेच, आणि ती थांबवल्यावर काही आठवड्यांत तो पूर्वपदावर जातो. अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाने डॉक्टरांना न विचारता गोळीच्या जागी लसणाची कॅप्सूल सुरू केली, तर त्याची किंमत पुढच्या झटक्याच्या रूपाने मोजावी लागू शकते.