हातांची आठवण

स्मरणशक्ति हें एकच कोठार असून नांवें, तारखा, पाठांतर आणि हातांचें कसब हीं सारीं त्यांत एकत्र सांठविलेलीं असतात, अशी आपली सामान्य समजूत असते. ती खरी नव्हे, हें एका दुर्दैवी मनुष्याच्या उदाहरणावरून स्पष्ट झालें.

अमेरिकेंतील हेन्री मोलेसन यास लहानपणापासून अपस्माराचे झटके येत. औषधांनीं गुण येईना, तेव्हां १९५३ सालीं, वयाच्या २७ व्या वर्षीं, डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनीं त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा कांहीं भाग काढून टाकला. त्यांत ‘हिप्पोकॅम्पस’चा बराच अंश गेला. झटके कमी झाले, परंतु नवी गोष्ट त्याच्या मनांत ठरेनाशी झाली. आतां भेटून गेलेला मनुष्य घटकाभरानें परत आला कीं त्यास अनोळखीच!

मॉन्ट्रियल येथील विदुषी ब्रेन्डा मिल्नर यांनीं त्याजकडून एक प्रयोग करविला. कागदावर दुहेरी रेघांची चांदणी काढलेली; त्या रेघांमधून पेन्सिल न्यावयाची, पण हाताकडे न पाहतां केवळ आरशांत पाहून. वाचकांनीं घरीं करून पाहावें. हात कसा भलतीकडे धांवतो हें तेव्हांच कळेल. मोलेसनच्या प्रथम पुष्कळ चुका झाल्या. तिसऱ्या दिवशीं त्याचा हात सफाईनें चालूं लागला. नवल हें कीं, हें काम आपण पूर्वीं केल्याचें त्यास मुळींच स्मरत नव्हतें!

‘हातांस सवय झाली’ असें आपण म्हणतों. पण ती सवय वस्तुतः मेंदूंतच असते. लहान मेंदू प्रत्येक हालचालींतील चूक हेरून पुढील हालचाल सुधारतो; मेंदूंत खोलवर असलेले पेशींचे पुंज सुट्या हालचाली एका माळेंत गुंफतात. त्यास वेळ लागतो, आणि कांहीं काम तर झोपेंतच पुरें होतें. म्हणून मुलास एके दिवशीं चार तास पेटीपुढें बसविण्यापेक्षां रोज अर्धा तास बसविणें अधिक हिताचें.

एकत्र कुटुंबांत या ज्ञानाचा आणखीहि एक उपयोग आहे. विस्मृतीच्या व्याधीनें आजीबाई नातवंडांचीं नांवें विसरूं लागल्या, कीं घरचीं माणसें मायेपोटींच त्यांच्या हातचें काम काढून घेतात. परंतु त्याच आजीबाई पुष्कळदां वाती पूर्वींच्याच सफाईनें वळूं शकतात. विळी आणि विस्तव यांपासून त्यांस अवश्य जपावें. कापूस मात्र त्यांच्यापुढें रोज ठेवावा, एवढीच आमची विनंति आहे.